पाकिटातले मानधन आणि दवाखान्याचे बिल : चर्चमधील वादक-गायकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही चर्चमध्ये वाजवणाऱ्या आणि गाणाऱ्या वाचकांकडून बचत, निवृत्ती आणि आरोग्यविमा यांविषयीचे प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे येथे घेतली आहेत आणि पत्रलेखकांची नावे गाळली आहेत. हा विषय माझ्या घरातला आहे, हे आधीच सांगायला हवे. माझ्या वडिलांनी पस्तीस वर्षे आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पायपेटी वाजवली. लग्नाची उपासना संपली की नवरदेवाकडचे कोणीतरी एक पांढरे पाकीट आणून पेटीच्या झाकणावर ठेवत असे. वडील ते न उघडता कोटाच्या आतल्या खिशात घालत आणि घरी आल्यावर आई ते त्याच आठवड्याच्या किराण्याला लावत असे. कोणत्या वर्षी किती पाकिटे आली, हे आमच्यापैकी कोणालाही सांगता आले नसते. त्रेसष्टाव्या वर्षी त्यांचे हर्नियाचे ऑपरेशन झाले तेव्हा मंडळीने रविवारी खास दान गोळा करून बिल भागवले. ते ऋण आम्ही विसरलेलो नाही, परंतु त्यानंतरचे कित्येक रविवार पेटीवर बसलेल्या वडिलांची मान वर झाली नाही, हेही मी पाहिले आहे. पुढची उत्तरे त्या आठवणीतून लिहिली आहेत.

प्रश्न : मी ३४ वर्षांचा असून वसईतील आमच्या धर्मग्रामात कीबोर्ड वाजवतो आणि गायनमंडळ सांभाळतो. चर्चकडून महिन्याला ६,००० रुपये मानधन मिळते, घरी मुलांना शिकवून सरासरी १४,००० रुपये मिळतात आणि वर्षाकाठी तीसेक लग्नांत प्रत्येकी ४,००० रुपये मिळतात. पत्नी घरी असते, मुले ६ आणि ३ वर्षांची आहेत. घरखर्च महिन्याला २४,००० रुपये आहे. नाताळानंतर आणि मे महिन्यात हातात पैसा असतो, परंतु उपवासकाळात उसनवारी करावी लागते. एकदा २,००० रुपयांची मासिक एसआयपी (म्युच्युअल फंडातील ठरावीक हप्त्याची गुंतवणूक) सुरू केली होती, पण खात्यात पैसे नसल्याने हप्ता दोनदा परत गेला, तेव्हा ती बंद केली. विमा कोणताच नाही. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : तुमच्या आकड्यांची बेरीज केली तर वर्षाची मिळकत ३,६०,००० रुपये, म्हणजे महिन्याला सरासरी ३०,००० रुपये होते. घरखर्च त्याहून कमी असूनही उसनवारी करावी लागते, याचे कारण चर्चचे वर्ष आणि वाण्याचे वर्ष वेगवेगळे चालते. राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंतच्या उपवासकाळात लग्ने लागत नाहीत, नाताळाआधीच्या आगमनकाळातही ती टाळली जातात आणि पावसाळ्यात फारशी निघत नाहीत. त्या महिन्यांत तुमच्याकडे केवळ मानधन आणि शिकवण्यांचे २०,००० रुपये उरतात. शिवाय हा काळ दरवर्षी सरकतो. २०२५ साली ईस्टर २० एप्रिलला होता, २०२६ मध्ये तो ५ एप्रिलला आणि २०२७ मध्ये २८ मार्चला आहे. नोकरदाराच्या पगाराकडे पाहून आखलेली एसआयपी तुमच्या खात्यातून परत गेली, यात तुमचा निष्काळजीपणा नव्हता. तिची आखणीच तुमच्या वर्षाला धरून नव्हती.

म्हणून पहिले काम असे की लग्नाचे, शिकवणीचे आणि मानधनाचे सर्व पैसे एकाच बचत खात्यात जमा व्हावेत आणि त्या खात्यातून दर महिन्याच्या १ तारखेला २४,००० रुपये घरखर्चाच्या दुसऱ्या खात्यात जावेत. मे महिन्यातही चोवीसच हजार आणि मार्चमध्येही चोवीसच. पाकीट मिळाले की त्याच रात्री वहीत तारीख, चर्च आणि रक्कम लिहावी आणि सोमवारी ती रक्कम बँकेत भरावी. ही वही आणि बँकेच्या नोंदी पुढे फार उपयोगी पडतील, कारण मुदत विमा देणारी कंपनी उत्पन्नाचा पुरावा मागते आणि 'लग्नांत वाजवतो' एवढे सांगणे तिला पुरत नाही. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर कर लागत नाही. तरीही तुम्ही दरवर्षी विवरणपत्र भरावे, असे माझे मत आहे, कारण तुमच्यासारख्याकडे पगाराची पावती नसते आणि तिची जागा हे विवरणपत्रच घेऊ शकते.

अशा रीतीने वर्षाअखेर ७२,००० रुपये शिल्लक राहतात. त्यातले २५,००० रुपये विम्यासाठी ठेवावेत. या रकमेत दोन गोष्टी बसवायच्या आहेत : चौघांसाठी मिळून ५ लाख रुपयांचा आरोग्यविमा आणि तुमच्या जिवावर शुद्ध मुदत विमा, म्हणजे ज्यात मुदतीअंती काही परत मिळत नाही परंतु हप्ता कमी असतो. पैसे परत देणाऱ्या योजनांचा मोह या घडीला टाळावा. ५ लाखांच्या वर जाणाऱ्या बिलासाठी 'सुपर टॉप-अप' पॉलिसी जोडता येते आणि तिचा हप्ता तुलनेने पुष्कळ कमी असतो. येथे 'सुपर' हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण साध्या टॉप-अपमध्ये दर वेळी दाखल झाल्यावरच्या बिलाने स्वतंत्रपणे मर्यादा ओलांडावी लागते, तर सुपर टॉप-अपमध्ये वर्षभरातील बिलांची बेरीज धरली जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्यविम्यावरील व आयुर्विम्यावरील १८ टक्के जीएसटी रद्द झाला आहे, त्यामुळे जुने दरपत्रक कोणी दाखवले तर नवे मागून घ्यावे.

पॉलिसी निवडताना खोलीच्या भाड्याची अट नीट वाचावी, कारण बिल नेमके तेथे कापले जाते. समजा, पॉलिसीत दिवसाला ५,००० रुपये भाड्याची मर्यादा आहे आणि तुम्ही १०,००० रुपयांची खोली घेतली. चार दिवसांच्या ४०,००० रुपये भाड्यापैकी कंपनी २०,००० रुपये देईल, एवढे कोणाच्याही लक्षात येते. परंतु डॉक्टरांचे शुल्क आणि शस्त्रक्रियागृहाचा खर्च हेही पुष्कळ रुग्णालयांत खोलीच्या दर्जानुसार वाढत असल्याने कंपनी त्या खर्चालाही तेच निम्मे प्रमाण लावते. हा खर्च १,६०,००० रुपये असेल तर त्यातले ८०,००० तुमच्या खिशातून जातात. औषधे, शरीरात बसवायची उपकरणे आणि तपासण्या यांना ही कपात लागू करता येत नाही. खोलीची मर्यादा नसलेली पॉलिसी परवडत असेल तर तीच घ्यावी.

उरलेल्या ४७,००० रुपयांपैकी ३६,००० रुपये पहिली दोन वर्षे केवळ अडीअडचणीसाठी बाजूला पडावेत. दोन वर्षांत ७२,००० रुपये, म्हणजे तीन महिन्यांचा घरखर्च जमेल. तोपर्यंत या पैशाला शेअर बाजाराची वाट दाखवू नये. राहिलेल्या ११,००० रुपयांत अटल पेन्शन योजना बसते. तिच्यात १८ ते ४० वयाच्या आणि आयकर न भरणाऱ्या व्यक्तीला सामील होता येते, आणि वयाच्या ३४ व्या वर्षी सामील झाल्यास साठीनंतरच्या दरमहा ५,००० रुपये पेन्शनसाठी मासिक हप्ता ८२४ रुपये, म्हणजे वर्षाचे ९,८८८ रुपये पडतात. हप्ता तिमाही किंवा सहामाही भरण्याचीही सोय आहे आणि तुमच्या लग्नसराईला सहामाही हप्ता अधिक सोयीचा आहे. त्याशिवाय तुम्हा दोघांची जीवनज्योती विमा योजना प्रत्येकी ४३६ रुपयांत आणि सुरक्षा विमा योजना प्रत्येकी २० रुपयांत होते. चारही मिळून ९१२ रुपये. पहिलीत मृत्यूनंतर आणि दुसरीत अपघाती मृत्यूनंतर २ लाख रुपये मिळतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. महागाई दरसाल ६ टक्के धरली तर तुम्ही साठीचे व्हाल तेव्हाचे ५,००० रुपये आजच्या सुमारे १,१०० रुपयांएवढे असतील. अटल पेन्शनवर म्हातारपण निघणार नाही. म्हणून अडीअडचणीचा निधी पूर्ण झाला की तेच महिन्याचे ३,००० रुपये पीपीएफ (सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधी) किंवा एनपीएसकडे (राष्ट्रीय पेन्शन योजना) वळवावेत. पीपीएफमध्ये वर्षाला किमान ५०० आणि कमाल दीड लाख रुपये कोणत्याही महिन्यात भरता येतात, त्यामुळे मे महिन्यात एकदम भरले तरी चालते. वयाच्या ३६ व्या वर्षापासून साठीपर्यंत महिन्याला ३,००० रुपये सरासरी ७ टक्क्यांनी वाढले तर भरलेल्या ८,६४,००० रुपयांचे सुमारे २२ लाख होतात. शिकवण्या वाढतील तशी ही रक्कम वाढवत न्यावी.

प्रश्न : सलाम. मी अहिल्यानगर जिल्ह्यातील असून ५८ वर्षांचा आहे आणि आमच्या मंडळीत ३१ वर्षे पायपेटी वाजवतो. मानधन ४,००० रुपये आहे, थोडी शेती आहे. नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. आयुष्यभराची पुंजी ४ लाख रुपये एका पतसंस्थेत ठेवली आहे. ओळखीचे एक विमा प्रतिनिधी म्हणतात की, अर्जात मधुमेह लिहू नका, हप्ता वाढेल; काही वर्षांनी कोणी विचारत नाही. या वयात विमा मिळेल का, आणि प्रतिनिधींचे ऐकावे का?

उत्तर : सलाम. अर्जात मधुमेह लिहा, नऊ वर्षांपासून आहे असे लिहा आणि चालू गोळ्यांची नावेही लिहा. 'काही वर्षांनी कोणी विचारत नाही' हे अर्धे खरे आहे आणि म्हणूनच ते धोक्याचे आहे. एप्रिल २०२४ पासूनच्या नियमानुसार पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिल्यानंतर माहिती दडवल्याच्या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही. मात्र फसवणूक सिद्ध झाली तर हे संरक्षण मिळत नाही, आणि ठाऊक असलेला आजार समजून-उमजून दडवणे ही फसवणूक ठरू शकते. त्याआधीच्या पाच वर्षांत तर काहीच आडोसा नाही. रुग्णालयात दाखल होताना ड्युटीवरील डॉक्टर 'साखर किती वर्षांपासून आहे?' असे विचारतात, तापाने फणफणलेला माणूस खरे तेच सांगतो आणि ते उत्तर केसपेपरच्या पहिल्या पानावर उतरते. कंपनी सर्वप्रथम तेच पान मागवते. आमच्या नात्यातील एका गृहस्थांचा दावा अशाच एका ओळीवरून नाकारला गेला, आणि अर्जात 'आजार नाही' असे लिहिणारा प्रतिनिधी त्या वेळी कोठेच नव्हता; सही मात्र आमच्या नातेवाइकांची होती.

या वयात विमा निश्चित मिळू शकतो. 'आरोग्य संजीवनी' ही सर्वांना समान अटींची पॉलिसी आरोग्यविमा कंपन्या विकतात आणि तिच्यात ६५ वर्षांपर्यंत प्रवेश घेता येतो. मधुमेहामुळे कंपनी तपासण्या सांगेल, हप्ता वाढवील, क्वचित नकारही देईल. एका कंपनीने नकार दिला तर दुसरीकडे अर्ज करावा आणि आधीचा नकार विचारल्यास लपवू नये. आधीपासून असलेल्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ आता जास्तीत जास्त ३६ महिने आहे. म्हणजे आज पॉलिसी घेतली तर मधुमेहातून उद्भवलेल्या दुखण्याचे बिल तुमच्या एकसष्टाव्या वर्षापासून मिळू लागेल. अपघाताला पहिल्या दिवसापासून आणि डेंग्यूसारख्या नव्या आजाराला ३० दिवसांनंतर संरक्षण राहील. या पॉलिसीत मान्य झालेल्या दाव्याचे ५ टक्के आपण भरायचे असतात आणि मोतीबिंदूसाठी एका डोळ्यामागे विमारकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० रुपये, यांपैकी कमी असेल तीच मर्यादा असते. नोटेशनच्या वहीत डोळे घालून तीस वर्षे बसलेल्या माणसाला हा आकडा आधीच माहीत असावा. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत ती परत करता येते, तेवढ्या अवधीत मुलाकडून अटी वाचून घ्याव्यात.

विमा मिळो वा न मिळो, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रे या महिन्यातच तयार ठेवा. महाराष्ट्रातील रहिवासी कुटुंबाला तिच्यात वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार अंगीकृत रुग्णालयांत बिल न भरता मिळतात आणि शिधापत्रिकेचा रंग आता आड येत नाही. तिच्या मर्यादाही ओळखून असाव्यात : ठरवून दिलेले उपचार तेवढेच आणि यादीतील रुग्णालये तेवढीच. तुमच्या तालुक्याला जवळ कोणते रुग्णालय यादीत आहे हे आजारी पडण्याआधी पाहून घ्यावे; तेथे 'आरोग्यमित्र' बसतो, त्याला शिधापत्रिका आणि आधार दाखवून नावे जुळतात की नाही हे विचारावे. पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबांत बाप्तिस्म्याच्या नोंदीतले नाव आणि आधारवरचे नाव वेगळे असते आणि दाखल होण्याच्या दिवशी त्यावरून खोळंबा होतो. वयाची सत्तरी गाठल्यावर आयुष्मान भारत योजनेचे ५ लाखांचे संरक्षण उत्पन्नाची अट न लावता मिळते. ही तरतूद २९ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे.

आता पतसंस्थेविषयी. बँकेतील ठेवीला, मग ती सहकारी बँक असली तरी, प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण असते. पतसंस्थेला हे संरक्षण नाही. तुमची पतसंस्था उत्तम चालत असेलही, परंतु आयुष्यभराची सगळी पुंजी अशा ठिकाणी असू नये. मुदत पुरी होईल तशी ठेव बँकेत न्यावी आणि साठ पूर्ण झाल्यावर पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत घालावी. त्या योजनेचा दर एप्रिल २०२३ पासून ८.२ टक्के आहे. त्या दराने ४ लाखांवर दर तीन महिन्यांनी ८,२०० रुपये व्याज हातात येते. विम्याचा हप्ता त्यातून भरता येईल आणि मुद्दल शाबूत राहील.

प्रश्न : मी मुंबईतील एका चर्चच्या गायनमंडळात सोप्रानो, म्हणजे सर्वांत उंच पट्टीचा आवाज, गाते आणि शाळेत संगीत शिकवते, वय ४१. स्वरयंत्रावर गाठी आल्याचे निदान झाले आहे. डॉक्टरांनी तीन महिने आवाजाचे व्यायाम सांगितले असून न जमल्यास शस्त्रक्रिया करावी लागेल असे म्हटले आहे. माझी पॉलिसी १४ महिन्यांपूर्वीची आहे. खर्च मिळेल का?

उत्तर : आवाजाच्या व्यायामाची सत्रे आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या भेटी यांचा खर्च बहुतेक पॉलिसींत मिळत नाही, कारण त्यासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागत नाही. बाह्यरुग्ण खर्चाचे कलम स्वतंत्रपणे घेतलेले असेल तरच तो मिळतो. शस्त्रक्रियेचे तसे नाही. दुर्बिणीतून होणारी स्वरयंत्राची शस्त्रक्रिया एका दिवसात आटोपत असली तरी डे-केअर उपचारांत धरली जाते. अडचण तुमच्या १४ महिन्यांची आहे. 'आरोग्य संजीवनी'मध्ये ज्या आजारांना २४ महिने थांबावे लागते त्या यादीत कान-नाक-घशाचे कर्करोगेतर विकार आहेत आणि इतर पॉलिसींतही अशी यादी असते. तुमच्या पॉलिसीतले ते पान काढून पाहा आणि कंपनीकडून लेखी उत्तर मागा. यादीत नाव असेल आणि डॉक्टरांच्या मते थांबण्यात धोका नसेल, तर व्यायाम मनापासून करावेत आणि दहा महिने शाळेत ध्वनिक्षेपक वापरण्याची परवानगी मागावी. विम्याची तारीख गाठण्यासाठी मात्र वैद्यकीय सल्ला मोडू नये. गळा हे तुमचे साधन आहे, तेव्हा त्याच्या तपासण्यांसाठी दरवर्षी थोडी रक्कम वेगळी ठेवावी; व्हायोलिनवाल्यांना तारांचा खर्च जसा गृहीत धरावा लागतो, तसाच हा आहे.

शस्त्रक्रियेचा दावा चुकीच्या कारणाने नाकारला गेला असे वाटले तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लिहावे. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही तर विमा लोकपालाकडे जावे. त्यांची कार्यालये मुंबईत आणि पुण्यात आहेत, शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

प्रश्न : मी पुण्यातील एका मंडळीच्या कमिटीचा सचिव आहे. आमच्याकडे दोन ऑर्गनवादक, एक गायनप्रमुख आणि १९ हौशी गायक आहेत. त्यांच्यासाठी मंडळीने गट विमा काढावा, असा विषय वार्षिक सभेपुढे आणायचा आहे. काही सभासदांचे म्हणणे आहे की ही देवाची सेवा आहे, तिला पगार-विमा लावू नये. कसे मांडावे?

उत्तर : सेवा ही गाणाऱ्याने देवाला वाहिलेली गोष्ट आहे, मंडळीने त्या सेवेकडे बोट दाखवून स्वतःची जबाबदारी कमी करू नये, एवढे सभेत नम्रपणे सांगावे. पाळकसाहेबांची सेवाही देवाचीच असते, तरी त्यांच्या पगाराची आणि निवृत्तीची तरतूद आपण करतोच.

व्यवहारात तिघे मानधनवाले आणि एकोणीस हौशी यांची प्रकरणे वेगळी ठेवावीत. हौशी गायकांसाठी प्रथम गट अपघात विमा घ्यावा. त्याला खर्च थोडा येतो आणि नाताळच्या आठवड्यात रात्री उशिरापर्यंत घरोघर कॅरल गात फिरणाऱ्यांना त्याची खरी गरज असते. गट आरोग्यविमा काढताना लक्षात घ्यावे की केवळ विमा मिळावा म्हणून गट तयार करता येत नाही, त्याला आधीपासूनचे वेगळे प्रयोजन लागते. गायनमंडळाची नोंदवही येथे कामी येते. गट पॉलिसीवर जीएसटी अजून लागू आहे आणि मंडळीने एखाद्या वर्षी हप्ता भरला नाही तर सर्वांचे संरक्षण एकदम जाते. म्हणून तिघा मानधनवाल्यांच्या बाबतीत मला गट विम्यापेक्षा दुसरी वाट बरी वाटते : त्यांनी स्वतःच्या नावाने कौटुंबिक पॉलिसी घ्यावी आणि हप्त्याचा ठरावीक वाटा मंडळीने द्यावा. मंडळी बदलली, कमिटी बदलली, तरी पॉलिसी त्यांचीच राहते आणि पूर्ण केलेला प्रतीक्षाकाळ वाया जात नाही. तसाच वाटा त्यांच्या एनपीएस खात्यातही देता येईल.

हे सर्व अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली दाखवावे आणि ठराव इतिवृत्तात नोंदवावा. सार्वजनिक न्यासाच्या हिशेबांची तपासणी होते, त्यामुळे 'किरकोळ खर्च' या नावाखाली पाकिटे देण्याची रीत आता सोडावी. आणखी एक बाब अशी की 'मानधन' हा शब्द लिहिल्याने नाते ठरत नाही. गायनप्रमुख ठरलेल्या वेळी, तुमच्या देखरेखीखाली, दरमहा ठरलेल्या रकमेवर काम करत असतील तर कायदा त्यांना कर्मचारी मानू शकतो. भविष्यनिर्वाह निधी साधारणपणे २० आणि ग्रॅच्युइटी १० कर्मचारी असलेल्या आस्थापनेला लागू होते. ट्रस्टची शाळा किंवा वसतिगृह असेल तर तेथील कर्मचारी या संख्येत मोजावेत की नाही, हे कामगार कायद्याच्या सल्लागाराकडून लेखी घ्यावे आणि ते सभेच्या आधी घ्यावे.

प्रश्न : मी सासष्टीतील असून २२ वर्षांचा आहे. पॅरिशमध्ये व्हायोलिन वाजवतो, उपवासकाळात मोतेत या भक्तिगीतांनाही साथ करतो, हॉटेलांत कार्यक्रम करतो. आताच विमा-पेन्शनची काय घाई? गोव्यात दीनदयाळ योजना आहेच.

उत्तर : पेन्शनची घाई तुमच्याच वयात परवडते. वसईच्या वाचकांना ज्या ५,००० रुपयांच्या अटल पेन्शनसाठी महिन्याला ८२४ रुपये पडतात, त्याच पेन्शनसाठी तुम्हाला २९२ रुपये पडतील. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना किमान पाच वर्षे गोव्यात राहणाऱ्या कुटुंबाला मिळते आणि तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा अधिक जणांना ४ लाख रुपयांपर्यंतचे ठरावीक उपचार देते. ती अवश्य घ्यावी, परंतु गोव्याच्या पॅरिश शाळांनी घडवलेले वादक पिढ्यान्‌पिढ्या मुंबईकडे आणि त्याही पुढे गेलेले आहेत. तुम्हीही उद्या जहाजावर किंवा परराज्यात वाजवायला जाल, तेव्हा ही योजना पुरेशी पडणार नाही. आज प्रकृती ठणठणीत असताना घेतलेली लहानशी वैयक्तिक पॉलिसी पुढे फार सोपी जाईल.

त्याहून निकडीचा मला तुमच्या बोटांचा विमा वाटतो. २० रुपयांच्या सुरक्षा विमा योजनेत एक हात, एक पाय किंवा एका डोळ्याची दृष्टी कायमची गेली तर १ लाख रुपये मिळतात. डाव्या हाताचे एक बोट गेले तर काही मिळत नाही, आणि व्हायोलिनवाल्याचे काम तेवढ्यानेही थांबते. 'सरल सुरक्षा बीमा' या नावाने कंपन्या जी प्रमाणित अपघात पॉलिसी विकतात, तिच्यात बोटांसाठीही विमारकमेचा ठरावीक टक्का दिलेला असतो, आणि काही आठवडे काम बंद पडल्यास दर आठवड्याला रक्कम देणारे ऐच्छिक कलमही घेता येते. अर्जात व्यवसायाच्या रकान्यात 'विद्यार्थी' किंवा 'इतर' असे न लिहिता 'व्यावसायिक व्हायोलिनवादक' असे लिहावे. दुचाकीवरून वाद्य पाठीला लावून रात्री कार्यक्रमांना जात असाल तर ही पॉलिसी पुढच्या कार्यक्रमाच्या आधी घ्यावी आणि नामनिर्देशनात आईचे नाव आधारवर जसे आहे तसेच लिहावे.